हात थरथरतो तेव्हा : दारू सुटलेल्या आणि बायपोलर आजार असलेल्या एका बाईचं प्रकरण

पार्श्वभूमी

मंजिरी (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) पहिल्यांदा माझ्यासमोर बसली तेव्हा ३८ वर्षांची होती. काम हिशेबतपासणीचं. नवऱ्यापासून वेगळी राहणारी, सोबत चौदा वर्षांची मुलगी, आणि दोघींचंही बघणारी एक मोठी बहीण. मंजिरी तिला ताई म्हणते, म्हणून मीही इथे ताईच म्हणते. मी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. औषधांचे निर्णय आमचे मानसोपचारतज्ज्ञ घेतात, पण पेशंटशी आणि घरच्यांशी सगळ्यात जास्त वेळ बोलते ती मी. या प्रकरणात जे चुकलं त्यातलं बरंचसं माझ्याच टेबलावर चुकलं, म्हणून ते मीच लिहायला हवं.

पिणं सव्विसाव्या वर्षी सुरू झालं. आधी झोप लागावी म्हणून रात्री, मग संध्याकाळी ऑफिसातून आल्या आल्या. छत्तिसाव्या वर्षापर्यंत सकाळी पेन धरण्याइतका हात स्थिर व्हायलाही दोन घोट लागायला लागले होते. सगळं लपून. बाईचं पिणं उशिरा उघडकीला येतं, कारण घरात कुणाच्या मनात तसा विचारच येत नाही. आणि शरीर तोवर थांबत नाही. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातली पातळी जास्त चढते.

दुसरा धागा त्याही आधीचा. बाविसाव्या वर्षी चार महिने ती अंथरुणातून उठली नव्हती. पुढेही तसे दोन काळ येऊन गेले. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी आणि झोपेची गोळी सुरू केली होती आणि दोन्ही पाच वर्षं तशाच चालू होत्या. डॉक्टरांना दारू माहीत नव्हती. दारू माहीत असलेल्या ताईला गोळ्या माहीत नव्हत्या.

तिने दोनदा घरच्या घरी दारू बंद करून पाहिली. दुसऱ्या वेळी दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात फिट आली आणि मुलीने तिला पडताना पाहिलं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर फिट येण्याचा धोका साधारण पहिल्या ६ ते ४८ तासांत असतो. भ्रम, भास, ताप, बेफाम थरथर हे सगळं बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उसळतं आणि त्यात जीवही जाऊ शकतो. हे मी प्रत्येक घराला सांगते, कारण निर्धार करून एका झटक्यात सोडणारी माणसंच या धोक्यात सापडतात. ज्याला एकदा फिट आली आहे त्याची दारू घरी तोडू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच तोडावी.

समस्या

आमच्याकडे येण्याआधी ताईने तिला दोन ठिकाणी नेलं होतं. मनोरुग्ण विभागात सांगितलं, "आधी दारू सुटू दे, मग डिप्रेशनचं बघू." दुसऱ्या एका व्यसनमुक्ती केंद्रात सांगितलं, "मनाचा आजार आहे ना, आधी तो स्थिर करून आणा." दोन्ही ठिकाणच्या लोकांनी आपापल्या परीने रास्त तेच सांगितलं. पण दोन आजार असलेलं माणूस या दोन दारांच्या मधल्या व्हरांड्यात बसून राहतं, आणि मंजिरी तिथे आठ महिने बसली होती.

तिची अडचण नेमकी काय, हेच कुणी ठरवलेलं नव्हतं. दारूमुळे नैराश्य येतं, हे खरं. दारू स्वतःच मेंदूला मंदावते, झोप मोडते, आणि सोडल्यावर पहिले काही आठवडे माणूस खचलेला असतोच. त्यातलं बरंचसं तीन-चार आठवडे सोबर, म्हणजे दारूपासून दूर, राहिल्यावर आपोआप ओसरतं. पण ज्याला मूळचाच मनाचा आजार आहे त्याचं ओसरत नाही. आणि तो वाट बघत बसला, तर वाट बघण्यातच पुन्हा पितो.

पहिला निर्णय : थांबायचं की सुरू करायचं

दारू तोडण्याचे पहिले सहा दिवस सुरळीत गेले. फिटचा इतिहास असल्यामुळे वॉर्डात ठेवून, क्लोरडायझेपॉक्साइडचा, म्हणजे दारू तोडतानाचा त्रास आवरणाऱ्या गोळीचा, डोस रोज उतरवत, सोबत थायमिनची इंजेक्शनं. (थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. बरीच वर्षं पिणाऱ्याच्या शरीरात ते बऱ्याचदा फार कमी उरलेलं असतं, आणि ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.) सातव्या दिवशी ती रडत नव्हती, बोलत नव्हती, भिंतीकडे तोंड करून पडून होती.

नेहमीचा रिवाज म्हणजे महिनाभर थांबून बघणं. आमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी मला वेगळं काम दिलं : तिची जीवनरेषा काढा. मी एक लांब कागद तिच्यासमोर पसरला. वरच्या रेषेवर दारू, खालच्या रेषेवर मन. हिशेबतपासणीस बाई ती. तारखा अचूक सांगत होती. तास-दीड तासाने आम्ही तिच्या मुलीच्या जन्मापाशी आलो. वरची रेषा कोरी. कारण तेव्हा ती चोविशीत होती आणि दारूला शिवलीही नव्हती. खालच्या रेषेवर मात्र तिने बाळंतपणानंतरचे दहा दिवस दाखवले. त्या दहा दिवसांत ती रात्री तीन तास झोपत होती आणि तरी थकत नव्हती. एका रात्रीत तिने घराच्या पाच वर्षांच्या खर्चाच्या वह्या नव्याने लिहून काढल्या होत्या, पहाटे सगळ्यांना उठवून दाखवल्या होत्या, सासऱ्यांशी भांडली होती. आणि त्यानंतर दोन महिने अंधार.

"ते दिवस चांगले होते, मॅडम," ती म्हणाली. "आजारी मी नंतर पडले."

म्हणूनच ते दहा दिवस आजवर कुणालाच कळले नव्हते. माणूस डॉक्टरकडे पडलेला असताना जातो, उडत असताना जात नाही. नैराश्याची तक्रार घेऊन आलेल्याला नैराश्यावरची गोळी मिळते. पण बायपोलर आजारात, म्हणजे मन एकदा वर चढतं आणि एकदा खाली कोसळतं अशा आजारात, ती गोळी एकटीच दिली तर मन वर उसळण्याचा धोका असतो. कागद बघितल्यावर डॉक्टरांनी महिनाभर थांबायचं नाही असं ठरवलं. दारूचा थेंब नसताना चढ-उतार झाल्याचा पुरावा समोर होता. जुनी नैराश्यावरची गोळी हळूहळू कमी करायची, झोपेची गोळी त्याहून हळू, आणि मन स्थिर ठेवणारं औषध लगेच सुरू करायचं.

या निर्णयाबद्दल मला आजही शंका नाही. या प्रकरणातला सगळ्यात चांगला तास तो कागद पसरलेला तास होता.

औषधांचे पर्याय

मन स्थिर ठेवायला लिथियम, व्हॅल्प्रोएट किंवा क्वेटिआपिन, असे तीन पर्याय टेबलावर होते. व्हॅल्प्रोएट दारू पिणाऱ्या बायपोलर पेशंटमध्ये उपयोगी पडतं असा अनुभव आहे, पण तिच्या यकृताच्या तपासण्या आधीच बिघडलेल्या होत्या, शिवाय गर्भ राहू शकणाऱ्या वयाच्या बाईला ते देणं टाळतात, कारण बाळाला त्यापासून गंभीर धोका असतो. क्वेटिआपिनने दिवसभर गुंगी राहील आणि आकड्यांचं काम करता येणार नाही, ही तिची भीती. उरलं लिथियम. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला आणि अजूनही ते या आजारात भरवशाचं औषध आहे. आत्महत्येचा धोका कमी करण्यात त्याची बरोबरी फार थोडी औषधं करतात. पण त्याला शिस्त लागते. शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी रक्त काढायचं. पातळी साधारण ०.६ ते ०.८ च्या आसपास ठेवायची. दीडच्या वर गेली की विषबाधेकडे वाटचाल. उलट्या-जुलाब झाले, पाणी कमी पडलं, तर पातळी चढते. मूत्रपिंड आणि थायरॉइड ठरावीक काळाने तपासायचे. दारू पिणाऱ्याला हे जमेल का, हा प्रश्न होता. तिच्याबाबतीत डॉक्टरांचं उत्तर होतं : "ही बाई रकाने भरते. हिला जमेल."

दारूची ओढ कमी करण्याच्या औषधावर मात्र ताईशी वाद झाला. ताईला डायसल्फिरम हवं होतं, म्हणजे ज्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात ती गोळी. "भीती असली की पिणार नाही," तिचं म्हणणं. ताईची वर्षानुवर्षांची झोप उडालेली होती आणि तिला काहीतरी भिंतीसारखं हवं होतं, हे मला कळत होतं. पण मन वर चढलेलं असताना माणूस भिंती मोजत नाही. त्या गोळीवर दारू पिणं जिवावर बेतू शकतं, आणि गोळी बंद केल्यावरही जवळजवळ दोन आठवडे तो धोका टिकतो. शिवाय मनाच्या काही आजारांत ती लक्षणं बिघडवू शकते. शेवटी यकृताच्या तपासण्या थोड्या खाली आल्यावर नाल्ट्रेक्सोन ५० मिलिग्रॅम सुरू झालं. ते दारूतली मजा आणि ओढ दोन्ही कमी करतं.

तिसरा महिना : माझ्या हातून सुटलेली खूण

मंजिरी घरी गेली, एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचा गट) मीटिंगला जाऊ लागली, आठवड्याला माझ्याकडे येऊ लागली. तिने स्वतःच एक वही केली. पट्टीने आखलेले रकाने : तारीख, झोपेचे तास, सकाळची गोळी, रात्रीची गोळी, तलफ शून्य ते दहा, मन शून्य ते दहा. इतकी नीट वही मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही.

तिसऱ्या महिन्यात ती फुलली. मीटिंगमध्ये बोलायला उभी राहिली की लोक डोळे पुसायचे. दोन नव्या पेशंटांना ती फोनवर आधार देत होती. सोबर झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत असा एक आनंदाचा काळ अनेकांना येतो. डोकं स्वच्छ होतं, जग नवीन वाटतं. आम्हाला तो पाहायला आवडतो, कारण आमच्या कामात आनंद कमीच वाट्याला येतो.

ताईचा फोन आला. "मॅडम, ती खूप छान आहे. आणि मला भीती वाटतेय."

मी म्हटलं, "ताई, इतकी वर्षं तुम्ही तिला रडताना बघितलंय. आता तिला जरा आनंदात राहू द्या ना."

हे वाक्य मी परत घेऊ शकत नाही. त्याच आठवड्यातलं वहीचं पान माझ्यासमोर होतं. मी तलफेचा रकाना बघत होते : शून्य, शून्य, शून्य. त्याच्या तीन घरं डावीकडे झोपेचा रकाना होता : सात, साडेसहा, पाच, चार, साडेतीन. रेषा पट्टीने आखायच्या तिने बंद केल्या होत्या. अक्षरं रकान्याबाहेर सांडत होती, दोन ठिकाणी पान फाटेस्तोवर अधोरेखित केलेलं होतं. व्यसनाच्या कामात मुरलेल्या माणसाची नजर आधी तलफेकडे जाते. मनाच्या आजाराच्या कामात मुरलेला माणूस आधी झोप बघतो. या बाईला दोन्ही नजरा लागत होत्या आणि माझ्याकडे त्या दिवशी एकच होती.

याच सुमारास तिने लिथियम बंद केलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं. मीटिंगमधल्या एका जुन्या सोबर बाईंनी प्रेमाने म्हटलं होतं, "गोळ्यांवर आहेस तोवर तू खरी सोबर नाहीस गं." त्या बाईंचा हेतू वाईट नव्हता, झोपेच्या गोळ्यांच्या व्यसनातून त्या स्वतः निघाल्या होत्या. पण एएची स्वतःची भूमिका अशी नाही. औषधांबद्दलच्या त्यांच्या पुस्तिकेत स्पष्ट आहे की कुणाही सदस्याने डॉक्टरकी करू नये. १९३५ साली ज्यांच्यापासून एए सुरू झालं त्या दोघांपैकी बिल डब्ल्यू. सोबर झाल्यावरही कित्येक वर्षं नैराश्याशी झुंजले, आणि ते त्यांनी लपवलं नाही. हे मी मंजिरीला घरी जाण्यापूर्वीच सांगायला हवं होतं : मीटिंगमध्ये तुम्हाला कुणीतरी असं म्हणेल, त्या दिवशी मला फोन करा. आता मी प्रत्येकाला हे आधी सांगते, आणि उत्तर काय द्यायचं याचा सरावही करून घेते.

नऊ दिवस

लिथियम एकदम थांबवलं की आजार उलटण्याचा धोका वाढतो. बारा-तेरा दिवस ती उंच होती. मग रात्री दोन वाजता ऑफिसातल्या सगळ्यांना लांबलचक मेल गेल्या, वरिष्ठांशी भांडण झालं, आणि एका सोमवारी ती उठलीच नाही. त्या आठवड्याच्या शेवटी पहिला ग्लास. मग नऊ दिवस.

ताईने तिला आणलं तेव्हा मी सरळ विचारलं, "जगणं नको असं वाटतंय का?" आत्महत्येचा प्रश्न विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. विचारायला कुणी नाही, यानेच माणूस एकटं पडतं. ती म्हणाली, "गोळ्या साठवल्यात." किती, कुठे, कधीपासून, हे एकेक करून विचारलं. लिथियमच्या न घेतलेल्या गोळ्या होत्या, कपाटात, एका जुन्या पाकिटात. ताई त्याच क्षणी मुलीला फोन करायला उठली. मी तिला थांबवलं. त्या मुलीने आईच्या गोळ्या शोधायच्या नाहीत. शेजारच्या एका बाईंना पाठवलं.

पर्याय तीन होते. आमच्या केंद्राच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे स्लिप झालेल्याने, म्हणजे मध्येच पुन्हा प्यायलेल्याने, कार्यक्रम पहिल्या दिवसापासून पुन्हा करायचा. दुसरा, मनोरुग्ण विभागात दाखल करणं. तिसरा, ताईची विनवणी : घरीच ठेवते, डोळ्यांआड होऊ देणार नाही. आत्महत्येची योजना आणि साधन दोन्ही असताना घर हा पर्याय उरत नाही, हे ताईला सांगणं अवघड गेलं. ती आधीच चोवीस तास जागी होती. आम्ही विभाग निवडला. तिथे तिची दारू पुन्हा देखरेखीखाली तोडली, लिथियम पुन्हा सुरू झालं, आणि सतराव्या दिवशी ती परत आमच्याकडे आली.

पहिल्या दिवसापासून सुरुवात करायची यावर मी अडले. तिने दारू पिऊन आजार ओढवून घेतला नव्हता; आजार उलटला आणि त्याच्या मागून दारू आली. तिच्या तीन महिन्यांच्या सोबरपणाला पुसून टाकणं हे तिला शिक्षा वाटलं असतं, आणि नैराश्यातल्या माणसाला शिक्षा द्यायची गरज नसते, तो ती स्वतःच देत असतो. आमच्यात बरीच चर्चा झाली. शेवटी तिच्यापुरता वेगळा आराखडा ठरला : व्यसनाचा गट आणि मनाच्या आजाराची भेट एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, एकाच फाइलमध्ये. औषधं आठवड्यापुरतीच द्यायची, तीही ताईच्या हातात. आणि झोपेचा रकाना वहीत सगळ्यात डावीकडे, लाल पेनने. सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली तर तिने किंवा ताईने फोन करायचा, कुणाची परवानगी न घेता.

दाढ

चौदाव्या महिन्यात, सगळं शांत चाललेलं असताना, ताई तिला हाताला धरून केंद्रात घेऊन आली. मंजिरीचे पाय सरळ पडत नव्हते. जीभ जड होती. हात असा थरथरत होता की रजिस्टरवर सही करताना पेन रेषेच्या खाली घसरलं, तिने पुन्हा प्रयत्न केला आणि ते कागदावरून टेबलावर गेलं. ताईच्या डोळ्यांत पाणी होतं. मुलीने सकाळी सगळी कपाटं उपसली होती. बाटली मिळाली नव्हती, पण बाटल्या न मिळण्याची त्या घराला सवय होती.

मी विचारलं, "मंजिरी, कधी प्यायलात?"

"मॅडम, मी प्यायले नाहीये."

"मी रागावणार नाही."

"मी प्यायले नाहीये." तिसऱ्यांदा तिने ते म्हटलंच नाही. ती खाली बघत बसली.

श्वासाच्या तपासणीत शून्य आलं. तेव्हा कुठे मी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला : या आठवड्यात काही नवीन गोळी घेतलीत का? दाढ काढली होती. दातांच्या डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी आयबुप्रोफेन दिलं होतं. जबडा दुखत असल्याने ती पाणीही घोट-घोटच पीत होती. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं मूत्रपिंडातून लिथियम बाहेर टाकण्याचा वेग कमी करतात, त्यात पाणी कमी, आणि पातळी चढत जाते. रक्ताचा अहवाल आला : १.९. तिची नेहमीची ०.७ असायची.

जोराची थरथर, तोल जाणं, जड जीभ, उलट्या, गोंधळ ही लिथियमच्या विषबाधेची लक्षणं. हीच यादी दारुड्याच्या घरात वाचून दाखवली तर प्रत्येक जण म्हणेल, प्यायली आहे. लिथियम थांबवलं, हॉस्पिटलात सलाइन लागलं, चार दिवसांत पातळी उतरली आणि मूत्रपिंडं सुखरूप राहिली. आणखी दोन दिवस आम्ही तिला "कबूल कर" म्हणत बसलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करते.

दातांच्या डॉक्टरांना लिथियमबद्दल का सांगितलं नाही, असं नंतर विचारलं. ती म्हणाली, "दारू सोडली हे सांगायला मला आता लाज नाही वाटत. लोक शाबासकी देतात. वेडाची गोळी घेते हे कसं सांगू?"

या वाक्यानंतर मी बराच वेळ बोलले नाही. दारूची लाज उतरवायला आम्ही चौदा महिने घालवले होते. गटात, मीटिंगमध्ये, पत्रं लिहून. दुसऱ्या लाजेला आम्ही हातही लावला नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

ताईने फोन केला तेव्हा तिचं ऐकायला हवं होतं. पेशंट फुललेला असताना कुरकुर करणाऱ्या नातेवाइकाला आम्ही चिंतातूर समजतो. पण मंजिरीचं नेहमीचं रूप कसं असतं हे ताईइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि तिचं "खूप छान आहे" हे तक्रारीचं वाक्य होतं. आता घरच्यांना मी पहिल्याच भेटीत विचारते : ही व्यक्ती बरी असते तेव्हा कशी असते? किती बोलते, किती झोपते, पैसे कसे खर्च करते? त्याची नोंद फाइलच्या पहिल्या पानावर असते.

दाढेच्या प्रसंगात पहिला प्रश्न माझा चुकला. "कधी प्यायलात" याऐवजी "आज कसं वाटतंय, काय काय घेतलंत" असं विचारलं असतं तर उत्तर पहिल्या मिनिटात मिळालं असतं. लिथियमवर असलेल्या सोबर माणसाचे हात बऱ्याचदा बारीक थरथरतात, नेहमीच्या डोसवरही. हे घरच्यांना आणि ऑफिसातल्या विश्वासातल्या एखाद्याला आधीच समजावून ठेवलं तर रोजचा संशय टळतो. आणि थरथर अचानक वाढली, तोल जाऊ लागला, तर श्वास हुंगत बसायचं नाही. आधी रक्त तपासायचं.

पाकिटात ठेवायचं कार्ड आम्ही चौदाव्या महिन्यानंतर केलं. ते पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं. त्यावर आजारांची नावं नाहीत, फक्त औषधांची आहेत, आणि खाली दोन ओळी : लिथियम चालू आहे, आयबुप्रोफेनच्या गटातली वेदनाशामकं देऊ नका. नाल्ट्रेक्सोन चालू आहे, अफूच्या गटातली वेदनाशामकं लागू पडणार नाहीत. आजाराचं नाव तोंडाने उच्चारायची वेळ येत नाही म्हणून ती ते कार्ड खरोखरच दाखवते.

एका गोष्टीचं उत्तर मात्र मला सापडलेलं नाही. मुलीने आईच्या फिटपासून कपाटांपर्यंत सगळं पाहिलं. तिच्यासाठी वेगळी समुपदेशक आम्ही फार उशिरा, दुसऱ्या वर्षी नेमली. अलानॉनच्या, म्हणजे दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या गटाच्या, मीटिंगला ताई जाऊ लागली होती. मुलीला तिथे न्यायचं की नाही यावर ताई आणि मंजिरीचं एकमत कधीच झालं नाही. मुलगी आता सतरा वर्षांची आहे आणि आईच्या आजाराबद्दल माझ्याशी बोलत नाही.

आजची स्थिती

पहिल्या भेटीला तीन वर्षं होऊन गेली. त्या नऊ दिवसांनंतर एकदा, एका संध्याकाळी, मंजिरी दोन पेग प्यायली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला स्वतः फोन केला. गेल्या हिवाळ्यात सहा आठवडे नैराश्य आलं. डॉक्टरांनी औषधात बदल केला, ती अर्धा दिवस कामावर जात राहिली, आणि त्या सहा आठवड्यांत प्यायली नाही. पिणं सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच ती नैराश्यातून दारूशिवाय बाहेर आली. नोकरी टिकली, पण बढती गेली.

मीटिंगला ती अजून जाते. नव्याने आलेल्या एका मुलीने गोळ्यांबद्दल विचारलं तेव्हा मंजिरीने स्वतःचं कार्ड काढून तिच्या हातात दिलं आणि ती वाचेपर्यंत शेजारी बसून राहिली. हे मला तिने सांगितलं नाही, त्या जुन्या सोबर बाईंनी सांगितलं.

वहीचं चौथं पुस्तक चालू आहे. मागच्या मंगळवारी तिने ते माझ्यासमोर ठेवलं. रेषा पट्टीने आखलेल्या, झोपेचा रकाना डावीकडे लाल : साडेसहा, सात, सात, सहा, सात. शेवटच्या पानाखाली एक सही होती, नव्या रक्ततपासणीच्या संमतीची. थोडी थरथरलेली, पण रेषेवर.